जळलेल्या यंत्राला ऐकवलेली अकरा कडवी

वाळवंटातल्या त्या निर्वासितांच्या छावणीत एखाद्याला वायरीचं टोक दातांनी सोलता येत नाही म्हटलं, तर लोक आधी त्याच्या वळणाविषयी शंका घेतील. चाळीस वर्षं तिथे वीज म्हणजे मोटारीची बॅटरी. टीव्ही आला, आधी त्याचा प्लग कापा, दोन्ही टोकं सोला, बॅटरीला गुंडाळा. स्पेनमधून येणारे पाहुणे मोठ्या प्रेमाने कोरा करकरीत रेडिओ आणत, आणि यजमान त्यांच्या डोळ्यांदेखत कात्री घेऊन येई. पाहुण्यांचे डोळे भरून येत. यजमानाला वाटे, किती मायाळू लोक! पुढे खांबांवरून खरी वीज आली, तरी बोकड कापण्यापूर्वी त्याचे पाय बांधावेत तसा यंत्र लावण्यापूर्वी त्याचा प्लग कापावा, ही समजूत काही गेली नाही. आणि बॅटरी म्हणजे बारा व्होल्ट. वाळवंटातली बाकी कुठलीही गोष्ट बदलेल, बारा बदलणार नाही.

त्यामुळे दैदाला कुणी फारसा दोष दिला नाही. दोष दिला तो त्याच्या ट्रकला. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात आणि त्या मिळून चोवीस होतात, ही गोष्ट दैदाला वीस वर्षं तोच ट्रक चालवूनही कळली नव्हती. ट्रकनेही सांगितली नव्हती.

झालं ते असं. छावणीच्या रेडिओवर आवाजाचं काम करणारी तरबा आपल्या मामेभावाला, या दैदाला, घेऊन अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जिथे त्या वर्षी थोडं गवत उगवलं होतं तिथे, जद्दूहा आजीच्या तंबूत गेली होती. जद्दूहाला दिसत जवळजवळ नव्हतं, पण तिच्यापाशी एक गाणं होतं. घरदार सोडून सगळे पायी आले, त्या वर्षाचं. एकेक विहीर, आणि त्या विहिरीवर कोण कोण दगावलं त्यांची नावं. एक्केचाळीस कडवी. परत घरी जाऊ त्या दिवशीच ते अख्खं गाईन, असा तिचा पण होता. चाळीस वर्षं तिने वाट पाहिली. मग त्या हिवाळ्यात तिला धाकट्या सुनेचं नाव आठवेना, तशी तिने रेडिओवर निरोप धाडला, “यंत्र घेऊन या. लवकर या. आणि मध्ये थांबवणार असाल तर येऊच नका.”

तरबा पन्नाशीची, कामात चोख. तिने हातात मावेल एवढा तो रेकॉर्डर उशीवर ठेवला, हेडफोन चढवला, अंगभर गुंडाळलेल्या मलहफ्याचा पदर त्यावरून ओढून घेतला. यंत्राचं कार्ड आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नात गेलं होतं ते परत आलं नव्हतं, म्हणून आवाज यंत्राच्या पोटातल्या मेमरीत साठत होता. जद्दूहाने मांडीजवळचा ढोल थापटला आणि सुरू केलं. आवाज म्हातारीचा, पण चाल अशी, की बाहेरच्या शेळ्यासुद्धा पुठ्ठा चघळायच्या थांबल्या.

अठ्ठाविसाव्या कडव्याला यंत्राचा लाल दिवा लुकलुकू लागला. सेल संपत आले होते. तरबाने तंबूच्या फटीतून दैदाला खूण केली. दैदा कामाचा माणूस. त्याने लगेच ट्रक मागे घेतला, यंत्राची वायर (टोकं अर्थात फार पूर्वीच सोललेली) कनातीखालून ओढली, चिमटे लावले आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात ट्रकखाली सावलीला जाऊन घोरू लागला.

तिसावं कडवं संपलं आणि ‘टक्’ झालं. यंत्राच्या खिडकीतले आकडे गेले. उंटाचे केस आणि कांदा एकत्र जळावेत तसा वास तंबूत पसरला.

जद्दूहाचा हात ढोलावर थांबला. “काय जळतंय ग?”

“चहा उतू गेला, आजी,” तरबा म्हणाली. “निखाऱ्यावर.”

“साखर घातलेला?”

“हो.”

“मग वायाच घालवलास,” म्हणून जद्दूहाने एकतिसावं कडवं सुरू केलं.

आणि मग ती शेवटपर्यंत गायली. अकरा कडवी. समोर मेलेलं यंत्र, त्याच्यामागे हेडफोन लावून मान डोलावणारी तरबा. डोलावणं म्हातारीला दिसत नव्हतं, तरी ती डोलावत होती. थांबवावं तर म्हातारी उठून जाणार, न थांबवावं तर... पण ‘न थांबवावं तर’ याच्या पुढचं वाक्य तिला सुचेपर्यंत गाणं संपलं.

जद्दूहाने ढोल उपडा घातला.

“दिलं,” ती म्हणाली. “पाहुण्यासाठी बोकड एकदाच कापतात. आता हे गाणं मला कुणी मागायचं नाही. झोपते मी.”

छावणीत परतल्यावर तरबाने जाहीर केलं, की गाणं पूर्ण झालं आणि मग यंत्र जळलं. चहाचं खोटं घाईत निसटलं होतं. हे दुसरं तिने वाटेतल्या सहा तासांत, खड्ड्याखड्ड्याला घडवत आणलं होतं.

रेडिओच्या संचालकांनी बातमी शांतपणे ऐकली आणि अर्जाचा नमुना काढला. नवं यंत्र मिळण्यासाठी तो तीन प्रतींत भरायचा होता. पैकी एक प्रत शाई सुकायला उन्हात ठेवली असताना शेळीने खाल्ली, त्यामुळे ‘प्रत हरवल्याबाबत’ दुसरा अर्ज करावा लागला. “सहा महिन्यांत येईल,” संचालक म्हणाले. “फार तर आठ.”

“आम्हाला नवं काय करायचंय?” अहमदना मास्तर दारातून म्हणाले. “गाणं जुन्यात आहे.”

मास्तर पंचावन्नचे, शाळेत गणित शिकवत. त्यांचे वडील शेवटून तिसऱ्या विहिरीपाशी कुठेतरी वारले. विहिरींचा क्रम सगळ्यांनाच पाठ होता, त्यामुळे आपलं माणूस गाण्यात कुठे येणार हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. शेवटच्या अकरा कडव्यांत एकोणीस माणसं होती आणि त्यांची नऊ घरं. ही घरं तरबाला आता फारच आदराने वागवू लागली होती. कुणी साखर आणून दिली, कुणी अत्तर. एका घराने उंटाच्या मदारीची चरबी पाठवली, ती तिच्या गळ्याखाली उतरेना.

जुनं यंत्र बुलाहीकडे गेलं. बाजाराच्या टोकाला एका गंजक्या कंटेनरमध्ये त्याचं दुकान होतं. क्युबाने त्याला चौदा वर्षं शिकवून विजेचा इंजिनियर करून परत पाठवलं, तेव्हा छावणीत वीज नव्हती. पुढची पंधरा वर्षं त्याने लोकांच्या बॅटऱ्यांत पाणी घातलं. कडवटपणा म्हणून नव्हता त्याच्यात. क्युबाने त्याला नाचही शिकवला होता, आणि त्याचाही छावणीत उपयोग नव्हता.

त्याने यंत्र उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि स्पॅनिशमध्ये एक शिवी घातली.

“दारवान जळून कोळसा झालाय,” तो म्हणाला. “वीज आत घेणारा भाग ग. तो मेला. आता आग घरात किती शिरली ते बघायला हवं. मेमरी आतल्या खोलीत असते. वाचली असेल तर वाचली.”

“नाही जमलं तर राहू दे,” तरबा म्हणाली. “देवाची इच्छा.”

बुलाहीने भिंग खाली घेतलं. “शाळेपासून ओळखतो तुला. दुरुस्तीच्या आधीच देवाला मध्ये घालणारी तू पहिली गिऱ्हाईक. बाकीचे भाव ऐकल्यावर घालतात. रेडिओवर असलंच दुसरं यंत्र होतं ना, वाळू जाऊन बटणं बसलेलं?”

“ते टाकलं असेल.”

“ते मास्तरांनी सकाळीच आणून दिलंय,” बुलाही म्हणाला आणि खोक्यातून काढून दाखवलं. “बटणं मेलीत, पण दारवान ठणठणीत आहे. त्याचा याला बसवतो.”

मग तरबा रोज दुकानात जाऊन चहा करू लागली. तीन पेले झाल्याशिवाय बैठकीतून उठायचं नाही, हा नियम बुलाही क्युबातही विसरला नव्हता. तरबा निखारे फुंकायला अर्धा तास घेई, फेसासाठी एका पेल्यातून दुसऱ्यात इतका वेळ ओतत बसे की चहा गार होई, आणि मग तो पुन्हा तापवावा लागे. दोन पेल्यांतच दुपार सरे. बुलाहीला वाटलं, बाईला गाण्याची केवढी काळजी! त्याने हे बाजारात चार लोकांना सांगितलंही.

एवढं करूनही पाचव्या दिवशी यंत्राची खिडकी उजळली.

बुलाहीने कंटेनरचं दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. जद्दूहा गायला लागली. पत्र्याच्या त्या खोक्यात तिचा आवाज एवढा भरला, की बुलाहीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अडतीस मिनिटं गाणं चाललं. तिसावं कडवं झालं, ‘टक्’ वाजलं, आणि नुसती शांतता.

बुलाहीने बटण पुन्हा दाबलं. मागे नेलं, पुढे आणलं.

तरबाने तोंड उघडलं होतं. सांगायलाच उघडलं होतं, हे तिने पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं.

पण बुलाही आधी बोलला. “माझी चूक. काहीतरी आत राहिलं. गाणं पूर्ण झाल्यावर जळलं म्हणतेस, म्हणजे अकरा कडवी आहेतच कुठेतरी. मी शोधतो.”

आणि तिने तोंड मिटलं.

बुलाहीने नऊ घरांना बोलावून सरळ सांगितलं, की तीस निघाली, अकरा माझ्या हातून निसटली, थोडे दिवस द्या. घरांनी दिले. पण बाजार काही दिवस देत नाही.

“चौदा वर्षं क्युबात काय करत होता म्हणे?”

“ऊस कापत असणार.”

“माझ्या मेहुण्याचा फोनसुद्धा यानेच मारला.”

“तुझ्या मेहुण्याचा फोन उंटाने तुडवला होता.”

“तो तुडवल्यावर यानेच मारला ना!”

तीन दिवस बुलाही दुकानातून हलला नाही. डोळे लाल झाले. गिऱ्हाइकं दुसऱ्या टोकाच्या पोरगेल्या दुकानदाराकडे जाऊ लागली, ज्याला फक्त फोनच्या काचा बदलता येत, पण बदलताना तो आत्मविश्वासाने बदले. तरबा चहा करी. आता ती लवकर करत होती, तरी बुलाही पीत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा त्याने यंत्राची हिरवी पट्टी चिमट्यात धरली होती आणि गरम हवेची बंदूक चालू केली होती.

“हे काय करतोस?”

“मेमरीचा तुकडा उपटून काढतो. थेट संगणकाला लावून आतलं सगळं खरवडून बघतो. शेवटचा उपाय.”

“आणि तो उपटताना तुटला तर?”

“तर तीस पण गेली. अजून उतरवून घेतलेली नाहीत. म्हटलं, आतल्या आत काही हललं तर अकरा कायमची पुसतील.” त्याने पट्टी चिमट्यात नीट धरली. “पण मास्तर म्हणाले, कर. त्यांचं माणूस अकरात आहे ना. मागे हो, पदर सांभाळ.”

बंदुकीचं तोंड पट्टीवर वळलं, तशी तरबाने पट्टीवर हात ठेवला. तळवा चांगलाच भाजला, पण ती ओरडली नाही.

“थांब,” ती म्हणाली. “आत काही नाही. तिसाव्यालाच जळलं ते. पुढचं म्हातारी तशीच गायली. मी तिला गाऊ दिलं.”

बुलाहीने बंदूक बंद केली. तिच्यातला पंखा मात्र ती निवेपर्यंत फिरत राहिला.

“तीन दिवस,” तो अखेर म्हणाला, “मी भिंग लावून तुझं खोटं शोधत होतो.”

“हो.”

“बाजार मला उसाचा मजूर म्हणतोय.”

“ऐकलं मी.”

“ऐकलंस आणि चहा करत बसलीस!” त्याने हा एकच वार केला. मग तीस कडवी दोन ठिकाणी उतरवून घेतली, तिच्या तळहाताला तेल लावलं आणि म्हणाला, “आता जा. मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं काम माझं नाही. पण आज जा.”

तरबाने आधी जद्दूहाकडे जायचं ठरवलं आणि दैदाने पुन्हा ट्रक काढला. वाटेत सगळं कळल्यावर तो एवढंच म्हणाला, “म्हणजे मी घोरत होतो तेव्हा एवढं घडलं? मला उठवायचं तरी!”

जद्दूहा तंबूबाहेर उन्हात बसली होती. तरबा तिच्यासमोर वाळूत टेकली आणि एका दमात सांगून मोकळी झाली.

“चहा नव्हता तर,” जद्दूहा म्हणाली.

“नव्हता, आजी.”

“मला वाटलंच. साखर जळली की असा वास येत नाही. पण म्हटलं, आजकालची साखर.” तिने बोटांवर काही मोजलं, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्यावर आणि पुन्हा दुसऱ्यावर आली. “एकोणीस माणसं मागेच उरली.”

“आजी, पुन्हा एकदा. फक्त तेवढी अकरा. मी पाया पडते.”

“पाया पडू नकोस, गुडघे दुखतील तुझे.” म्हातारी रागावलेली नव्हती. रागावली असती तर तरबाला बरं वाटलं असतं. “माझ्यापाशी होतं तोवर ते मला धरून होतं. रोज पहाटे मनात म्हणायचे मी. त्या दिवशी दिलं, आणि दुसऱ्या पहाटे उठले तर जीभ वळेना. पहिलं कडवं येतं. मग विहीर येते, पण माणसं येत नाहीत. मला वाटलं, चांगलं झालं, पोचली. जिथे ठेवायची तिथे ठेवली गेली.”

तरबा बोटाने वाळू उकरत राहिली.

“अशी बसू नकोस,” जद्दूहा म्हणाली. “मला चहाचं सांगितलंस काय नि पाण्याचं काय, मी आज आहे, उद्या नाही. खोटं तू त्या नऊ घरांना सांगितलंस. त्यांच्याकडे जा.”

“जाऊन काय सांगू?”

“काय म्हणजे? मी गायले ते. तुझ्यासमोर गायले ना? यंत्र जळलं. तुझे कान तर जळले नव्हते?”

परतीच्या सहा तासांत तरबाने कान आठवून पाहिले. पहिल्यांदा तिला वाटलं, शांत बसलं की येईल. दैदाला तिने गाडीचं गाणं बंद करायला लावलं. आजीचा हात ढोलावर पडताना आठवला. एक माशी आठवली, यंत्राच्या काळ्या खिडकीवर चालत होती. बटण दाबून धरलेला आपला अंगठा आठवला, त्याचं पांढरं पडलेलं नख आठवलं. दिवा आता लागेल, आता लागेल. अकरा कडवी ती त्या खिडकीकडे बघत होती. आवाज होता, हे नक्की. शब्द एकही नव्हता.

अहमदना मास्तरांचा तंबू पहिला लागला. मास्तरांनी गादी झटकून तिला बसवलं. कनातीच्या पलीकडे त्यांची थोरली बहीण मुएइना पडून असे. तिचे पाय गेले होते, पण कान शाबूत.

तरबाने सगळं सांगितलं. बुलाहीचा काही दोष नाही, हे आधी सांगितलं. मग टक्, मग चहा, मग जद्दूहाची जीभ. मास्तर वर्गातल्या पोराचं चुकलेलं गणित पाहावं तसे ऐकत होते, ओळीमागून ओळ, कुठे चुकलं ते शोधत.

“म्हणजे अकरा कडवी फक्त तू ऐकलीस,” ते म्हणाले.

“मी तिथे होते.”

“मग मला एकच सांग. बाकी नको.” त्यांनी आवाज खाली आणला. “आम्ही पुढच्या टोळीत होतो. वडील मागे राहिले. कुणी म्हणतं, विहिरीच्या अलीकडे गेले. कुणी म्हणतं, विहिरीवर पोचले होते. पाणी प्यायले होते. जद्दूहा त्या मागच्या टोळीत होती, तिने पाहिलंय. गाण्यात घातल्याशिवाय सांगणार नाही म्हणायची. काय गायली ती? अलीकडे, की विहिरीवर?”

तरबाला दोन्ही उत्तरं समोर दिसत होती. एक उत्तर फार सोपं होतं, आणि त्याची शहानिशा करायला आता जगात कुणी उरलं नव्हतं.

“मी ऐकलं नाही, मास्तर,” ती म्हणाली. “मी यंत्राकडे बघत होते.”

मास्तरांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काय म्हणाली?” कनातीपलीकडून मुएइना ओरडली. “अरे अहमदना! अब्बांचं काय म्हणाली ती?”

मास्तरांनी तरबाकडे पाहिलं. मग कनातीकडे तोंड केलं आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा स्वच्छ आवाज काढला.

“विहिरीवर, ताई. पाणी पिऊन.”

पलीकडे मुएइना देवाचे आभार मानू लागली, एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

मास्तर तरबाला दारापर्यंत सोडायला आले. “बाकीची आठ घरं कुठली, माहीत आहेत ना?” त्यांनी विचारलं, आणि रस्ता दाखवायला बोट वर केलं.